शंभराला किती, आणि किती दिवसांत?

आजचं बोलणं हिशोबाचं आहे. पण ‘गणित’ म्हटलं की रेडिओ बंद करू नका. निम्मी गोष्ट आपल्या पांडवलेण्यातली आहे आणि निम्मी माझ्या स्वतःच्या फजितीची. फजिती आधी सांगते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी पिको-फॉलचं मशीन घ्यायला १२,००० रुपये कर्ज घेतलं. देणाऱ्यानं सांगितलं, “ताई, फक्त दीड टक्का.” मी मनात हिशोब केला: शंभराला दीड, म्हणजे हजाराला पंधरा, बारा हजाराला १८० रुपये. वर्षभर पैसे वापरायचे आणि १८० रुपये जास्त द्यायचे, एवढंच ना? केली सही. पहिल्याच हप्त्याला मुद्दलाचे हजार आणि वर १८० मागितले. मला वाटलं, व्याज आधीच कापून घेतायत. दुसऱ्या महिन्यातही १८०. तिसऱ्यातही. तेव्हा कळलं की दीड टक्का महिन्याचा होता. वर्षाला २,१६० रुपये झाले. खोटं कुणीच बोललं नव्हतं, पण ‘महिना’ हा शब्दही कुणी उच्चारला नव्हता. आणि मी विचारला नव्हता.

पुढे मुलीच्या शाळेची सहल पांडवलेण्याला गेली, तेव्हा मदतीला आम्ही दोघी-तिघी आया गेलो होतो. महामार्गावरून रोज दिसणारा तो डोंगर. जुनं नाव त्रिरश्मी. पायऱ्या चढून दहा नंबरच्या लेण्याच्या पडवीत आलो. मोठे खांब, आणि आतल्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतल्या ओळीच्या ओळी. सोबत आलेल्या इतिहासाच्या बाईंनी त्या ओळींचा अर्थ सांगायला सुरुवात केली आणि मी मुलांना आवरायचं सोडून ऐकतच राहिले. कारण भिंतीवर व्याजाचा दर लिहिला होता.

हे लेणं करवलं उषवदातानं. तो क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, दिनिकाचा मुलगा. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यानं लेणं भिक्षुसंघाला दिलंच, पण नुसत्या दगडी खोल्या देऊन राहणाऱ्यांचं भागत नाही. म्हणून त्यानं ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, कायमची ठेव म्हणून गुंतवली. कुठे? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या कारागिरांचा संघ. गोवर्धन आजही आहे, गंगापूरच्या बाजूला, आपल्या ओळखीचं. विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० ठेवले, दर शंभराला एक. दुसऱ्या श्रेणीकडे १,००० ठेवले, दर शंभराला पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

आता गंमत ऐका. लेखात ‘शंभराला एक’ असं आहे, पण महिन्याला की वर्षाला, ते लिहिलेलंच नाही. माझ्या कर्जासारखंच! मग अभ्यासकांनी कसं ओळखलं? लेखातच पुढे आहे की या २,००० च्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडचोपडासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, २४० झाले. शंभराला एक या दरानं दोन हजाराला वीस होतात. हे वीस जर वर्षाचे असतील तर प्रत्येक भिक्षूच्या वाट्याला एकच नाणं येईल. वीस जर महिन्याचे असतील, तर बारा महिन्यांचे बरोबर २४०. एकही नाणं कमी नाही की जास्त नाही. म्हणजे दर महिन्याचा होता. न लिहिलेला महिना हिशोबानं बाहेर काढला.

मी तिथे उभी राहून विचार करत होते, ही बेरीज मला सही करण्याआधी सुचली असती तर!

दुसऱ्या श्रेणीचा हिशोबही करून बघा. हजाराला शेकडा पाऊण, म्हणजे महिन्याला साडेसात आणि वर्षाला नव्वद. हे इतर बारीकसारीक खर्चासाठी. लेखातली भाषा प्राकृत, पण शब्द कानाला किती जवळचे लागतात. दोन हजार लिहिताना ‘बे’ म्हटलंय, आपण ‘बे एके बे’ म्हणतो तोच. पाऊण शेकड्यासाठी ‘पायून’ म्हटलंय, आपला ‘पाऊण’. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्याजाचा दर आपल्या आजीच्या तोंडच्या शब्दांत लिहिलेला आहे.

लेखाच्या शेवटी आणखी एक हिशोब आहे. देव-ब्राह्मणांसाठी दिलेले ७०,००० कार्षापण, पस्तीस कार्षापणांचं एक सुवर्ण, म्हणून झाले २,००० सुवर्ण. सत्तर हजाराला पस्तीसनं भागून बघा, उत्तर चोख येतं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे गावच्या व्यापाऱ्यांच्या सभेत ‘श्रावित’ केला, ऐकवला, आणि फलकावर नोंदवला, असं लेख सांगतो. आधी सगळ्यांना ऐकवायचं आणि मग लिहून ठेवायचं. दर गुपचूप ठरवायचा नाही.

तुम्ही म्हणाल, यात बायका कुठे आहेत? आहेत, आणि त्याच लेण्यात आहेत. उषवदाताची बायको दक्षमित्रा, नहपानाची मुलगी. तिनं दिलेल्या खोलीची नोंद तिथेच आहे. खोलीला शब्द वापरलाय ‘ओवरक’. आपली देवळातली ओवरी आठवली ना?

त्याहून मोठी गोष्ट विष्णुदत्तेची. ही इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षातली. शक अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई. तिनं आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली, गोवर्धनच्याच श्रेणींकडे. कुलरिकांकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे, १,०००. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे २,०००. आणखी एका श्रेणीकडे ५००. तेलघाणेवाल्यांच्या श्रेणीचंही नाव लेखात आहे. सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवले नाहीत, चार धंद्यांत वाटले. एक श्रेणी बुडाली तरी औषध बंद पडू नये, हा शहाणपणा त्यात आपोआप आला. आपल्या बचत गटाचा आजारपणाचा निधी आणि विष्णुदत्तेची ठेव यांत मला फारसा फरक दिसत नाही.

ही चांदीची नाणी कशी होती, तेही नाशिकच्या मातीनंच दाखवलं. १९०६ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे १३,२५० नाणी. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. म्हणजे शेकडा किती? ९,२७० ला शंभरानं गुणा, १३,२५० नं भागा, सत्तरच्या अगदी जवळ येतं. शंभरातली सत्तर नाणी नव्या राजाच्या नावावर चढली होती. नहपान हरला हे इतिहास सांगतो, पण किती हरला हे टक्केवारीनं कळतं.

आता एक प्रश्न. विणकर लोक दुसऱ्याच्या पैशावर महिन्याला शेकडा एक द्यायला का तयार होते? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कर्जाचा धर्म्य दर महिन्याला शेकडा सव्वा सांगितला आहे, व्यापारी कर्जाला पाच, रानावनातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जोखीम वाढली की दर वाढला. मनुस्मृतीतही शंभराचा ऐंशीवा भाग, म्हणजे सव्वाच, महिन्याला घ्यावा असं आहे. बाहेर पैसा सव्वानं किंवा त्याहून महाग मिळत असताना विणकरांना एकानं मिळाला, तोही कधी परत न करण्याच्या बोलीवर. त्यातून सूत घ्यायचं, कापड विणायचं, विकायचं. व्याज देऊनही त्यांच्या हाती काही उरत असणार. हे दोघांच्याही सोयीचं होतं, कारण दोघांनाही दर माहीत होता.

आता हे हिशोब करायची रीत. शाळेत आपण तिला त्रैराशिक म्हणत होतो. तीन राशी माहीत, चौथी काढायची. या रीतीचा थोर शिक्षक आपल्या शेजारचाच. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे १११४ चा. लीलावती हा ग्रंथ ११५० चा. त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळ पाटणे इथे मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख आहे, आणि त्याच्या शेवटी मठासाठी बाजारातल्या मालावर किती द्यायचं हे जुन्या मराठीत लिहिलंय. नाशिकरोडहून मनमाडमार्गे रेल्वेनं गेलं तर चाळीसगाव काही लांब नाही.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिचं लग्न मोडलं आणि तिच्यासाठी वडिलांनी हा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून आपल्यापर्यंत आली. गोष्ट खरी असो नसो, ग्रंथात गणितं मात्र कितीदा तरी एका मुलीला उद्देशून घातली आहेत. हिशोब बाईला समजतो, हे त्या ग्रंथानं गृहीतच धरलंय.

त्रैराशिकात तीन नावं आहेत: प्रमाण, फळ आणि इच्छा. शंभर हे प्रमाण. शंभराला मिळणारं ते फळ. आपल्याला ज्या रकमेचं हवं ती इच्छा. फळाला इच्छेनं गुणायचं आणि प्रमाणानं भागायचं. बस. शंभराला एक, तर दोन हजाराला किती? एक गुणिले दोन हजार, भागिले शंभर. वीस.

काळही धरायचा असेल तर पंचराशिक. लीलावतीत असं उदाहरण आहे: शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळाला वर्षाचं किती? पाच गुणिले सोळा गुणिले बारा, भागिले शंभर. उत्तर नऊ आणि तीन पंचमांश. लक्षात घ्या, उदाहरणातच ‘महिन्याला’ असं स्पष्ट घातलंय. गणित शिकवणाऱ्यानं तो शब्द गाळला नाही. तो गाळतात व्यवहार करणारे.

हीच रीत उलटीही चालते. समजा आपल्या गटाला वर्षाला ६,००० रुपये औषधपाण्यासाठी हवेत आणि ठेवीवर वर्षाला शेकडा ६ मिळतात. तर ठेव किती हवी? सहा रुपयांसाठी शंभर, तर सहा हजारांसाठी? शंभर गुणिले सहा हजार, भागिले सहा. एक लाख. विष्णुदत्तेलाही ठेव ठेवण्याआधी हाच प्रश्न पडला असणार.

आपल्या आज्या शाळेत गेल्या नाहीत तरी हे करत होत्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे त्या काळच्या मुलांना तोंडपाठ असायचे. पाऊण शेकड्याचं व्याज काढायचं तर पाऊणकी म्हणायची, झालं. आणि व्याजाची भाषा होती ‘रुपयाला पैसा’. इथेही एक खाच आहे. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. महिन्याला रुपयामागे एक पैसा म्हणजे चौसष्टातला एक, शेकडा दीडपेक्षा थोडा जास्तच, आणि वर्षाला पावणेएकोणीस. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले. आता ‘रुपयाला पैसा’ म्हणजे शेकडा एक, वर्षाला बारा. बोलणं तेच राहिलं, व्याज मात्र एक तृतीयांशाहून जास्त कमी झालं. म्हणून जुन्या वहीतला दर वाचताना आधी विचारायचं, पैसा कोणता?

न विचारल्याची किंमत आपल्या महाराष्ट्रानं फार मोठी मोजलीय. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर गेले आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हे पसरलं. त्यांचा मुख्य राग त्या कागदांवर होता. अंगठा स्वतःचा, पण आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही. आपल्याकडे जुना दामदुपटीचा नियम होता, एका वेळी मागायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. पण जुनं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा केला की नवं मुद्दल तयार, आणि नियम कागदावरच राहतो. दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशोब तपासण्याचा अधिकार मिळाला आणि शेतकऱ्यांचे रोखे गावच्या निबंधकासमोर करावे लागले. म्हणजे पुन्हा तेच, उघड्यावर ऐकवायचं आणि नोंदवायचं.

आता परत माझ्या मशीनकडे येते. कारण महिना कळला तरी माझी फसगत संपलेली नव्हती. मी दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडत होते. पहिल्या महिन्यात माझ्याकडे बारा हजार होते, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात दहा, शेवटच्या महिन्यात फक्त एक हजार. पण व्याज दर महिन्याला पूर्ण बारा हजारांवरच, १८०. हजार रुपये उरले असतानाही १८०!

खरा हिशोब असा. बारा, अकरा, दहा करत एकपर्यंत बेरीज करा, अठ्ठ्याहत्तर होते. म्हणजे मी एका महिन्यासाठी ७८,००० रुपये वापरले असं धरा. त्यावर शेकडा एक दरानं ७८० होतात. शेकडा दीडनं ११७०. मी भरले २,१६०. मग दर खरा किती पडला? ७८० ला एक, तर २,१६० ला किती? २,१६० भागिले ७८०, पावणेतीनच्या थोडं वर. महिन्याला. वर्षाला तेहेतीस टक्के. मला १८० रुपये वाटले होते, रास्त ११७० होते आणि दिले २,१६०. तिन्ही वेळा तोंडात शब्द एकच होता, ‘दीड टक्का’.

मशीन चाललं, कर्ज फिटलं, पोरीची फीही त्याच मशीननं भरली. तक्रार करायला मी हे सांगत नाहीये. पण ते जास्तीचे जवळजवळ हजार रुपये म्हणजे किती साड्यांचे फॉल होते, ते माझ्या पाठीला माहीत आहे.

आज नियम आपल्या बाजूनं आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्मकर्ज देणाऱ्या संस्थेनं कर्जाचं माहितीपत्रक द्यायचं आणि त्यात सगळे आकार धरून वर्षाचा दर लिहायचा. कर्जाचं कार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत असायला हवं. सावकाराला महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानं परवाना लागतो. पण कागद मागितला तरच हातात येतो आणि वाचला तरच उपयोगी पडतो.

म्हणून तीन प्रश्न लिहून घ्या. पेन नसेल तर पीठ मळता मळता पाठ करा. एक, शंभराला किती? दोन, किती दिवसांत, महिन्याला की वर्षाला? तीन, कोणत्या शंभराला, घेतलेल्या की उरलेल्या? बचत गटात आपण महिन्याला शेकडा दोन घेतो, तिथेही हे तीन प्रश्न विचारा. ते व्याज फिरून आपल्याच गटात येतं हे खरं, पण कर्ज घेणाऱ्या बाईला ते वर्षाचे चोवीस आहेत हे बैठकीत मोठ्यानं सांगितलं पाहिजे.

पुढच्या वेळी घरी पाहुणे आले आणि त्यांना लेणी दाखवायला नेलंत, तर दहा नंबरच्या लेण्यात जरा थांबा. भिंतीकडे बोट दाखवा आणि मुलांना विचारा: दोन हजार, शंभराला एक, वीस जणांना बारा-बारा, तर दर महिन्याचा की वर्षाचा? मुलं बोटांवर मोजतील. मोजू द्या. उत्तर तुम्ही सांगू नका.